दुसरी घागर

नको, त्या पाटावर नको भाऊ — ती घागर माझ्या वडलांच्या नावाची, तिच्यापुढचं जेवण झालं सकाळीच, पुतण्या भाईदास जेवून गेला. तुम्ही इकडं बसा, या दुसऱ्या घागरीपुढं. गाठोडं राहू द्या दारापाशी, कोणी नेत नाही. वहाणा नव्या दिसतात — मालकानं दिल्या असतील साल संपताना? हां. मी रस्त्यावर उभा होतो तेव्हाच म्हटलं, आखाजीच्या दिवशी खांद्यावर गाठोडं घेऊन आग्रा रोडनं चाललेला माणूस म्हणजे सालदार, वर्ष भरलं, घरी निघाला. कुठून, सोनगीरकडून? बरं बरं. ऊन लई आहे. बसा निवांत.

लेकीनं केलंय सगळं, सुगंधाबाईनं — माहेरी आलीय आखाजीला, बाकीच्या पोरींबरोबर झोक्यावर गेलीय वडाकडं, ऐकू येतंय ना, त्याच गातायत. पुरणपोळी आहे, रस आहे, कुरडया तळल्यात. तेवढी रीत करू मग जेवा. आधी घागरीचं पाणी प्यायचं, तीन ओंजळी, मग घास. तुमच्याकडंही असंच असेल. पितर जेवायला येतं म्हणजे कोण येतं — माणूसच येतो, त्याच्या नावानं. सूर्य डोक्यावरनं ढळायच्या आत झालं पाहिजे, नाहीतर ती घागर नुसतं पाणी. अजून आहे वेळ. सावली उंबऱ्याला लागली नाही अजून.

कोणाची म्हणता? ही घागर? — आपल्याच माणसाची. लांबचा. हो, लांबचा होता. नाव... तुम्ही हात धुवून घ्या आधी. नाव काय करायचंय, पितराला नाव थोडंच विचारतं कोणी. नाही, लपवत नाही भाऊ. नाव माहीतच नाही मला. नसेलच कळलं तर सांगू काय? सात वर्षं झाली, बठ्ठ्या गावाला, घर न् घर विचारलं, तालुक्यात विचारलं, कोणी ओळखलंच नाही त्याला. त्याच्या पायातही अशाच वहाणा होत्या. नव्या. चालताना करकर वाजायच्या — ते मात्र ऐकायला पाहिजे होतं मी, परसात होतो तरी.

ती खुंटी बघता होय? तिच्यावर आता सूप असतं. पूर्वी बंदूक असायची. ठासणीची, सरकारी परवान्याची, रानडुकरांसाठी — विहिरीवर ऊस होता ना आपला, डुकरं एका रात्रीत आडवा करायची. मी काही शिकारी नाही. मला तर कोंबडी कापायचीही सवय नाही, भिकुबाई हसायची, म्हणायची, तुमच्या हातात बंदूक म्हणजे बैलाच्या शिंगाला छत्री. भिकुबाई म्हणजे माझी मंडळी. गेली ती, तीन वर्षं झाली. बंदूक मी जमा करून टाकली धुळ्याला, कचेरीत. साहेब म्हणाला, म्हातारबा, तुझ्यावर काही आळ नाही, ठेव की. म्हटलं, नको. डुकरं खातायत ऊस, खाऊ द्या.

आता सुरू केलंच आहे तर ऐका. जेवण्याआधी ऐकलेलं बरं. झिपरूला सांगितलं नव्हतं, आपल्याच गावचा झिपरू, तिसऱ्या वर्षी बसला होता या पाटावर — अर्धी पोळी खाल्ली, मग बाहेरनं कोणीतरी ओरडलं, कोणाच्या नावानं जेवतोस कळतंय का रे, तसा उठला तो ताटावरनं. त्याच्यानंतर गावातलं कोणी बसलं नाही. मी बोलवतो, ते हो म्हणतात, दुपारी कोणाचं डोकं दुखतं, कोणाची म्हैस सुटते. त्यांचं चुकत नाही. म्हणून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

अशीच आखाजी होती. अशीच दुपार. बाया झोक्यावर, गडी चिंचेखाली पत्त्यांत. आमच्याकडं सूर्य ढळेपर्यंत पुढच्या दाराला कडी लावत नाहीत, पितरांनी यायचं कुठनं मग — ते त्याला ठाऊक होतं, म्हणजे आपल्यातलाच होता तो, मुलखातला. भिकुबाई तापानं पडलेली, आतल्या खोलीत. मी परसात बैलांना पाणी दाखवत होतो. पेटीचं कुलूप तुटल्याचा आवाज आला. म्हणजे तेव्हा कळलं नाही कुलूप आहे, मला वाटलं मांजरानं भांडं पाडलं. आलो मागच्या दारानं तर हा इथं — तुम्ही बसलात ना तिथंच — पेटी उघडी, भिकुबाईचे हातातले चांदीचे गोठ त्याच्या हातात, अन् दुसऱ्या हातात कुऱ्हाड. मी म्हटलं, कोण रे? बस, एवढंच म्हटलं. त्यानं कुऱ्हाड घातली. हा बघा, सदरा सरकवतो — इथनं इथपर्यंत. मानेवर बसायची ती खांद्यावर बसली. दुखलं नाही. खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. गरम पाणी सांडल्यासारखं वाटलं एवढंच. आतनं भिकुबाईची हाक आली, कोन शे? तो त्या हाकेकडं वळला. त्या खोलीकडं. कुऱ्हाड वर.

बंदूक या खुंटीवर, माझ्या हाताशी, आदल्या संध्याकाळपासून भरलेली. एकच बार असतो तिच्यात, ठासायला पुन्हा वेळ लागतो, तेवढ्या वेळात माणूस तीन वेळा मरतो. मी काढली, घोडा ओढला. तो कट् आवाज ऐकून फिरला तो. 

मग पाटील आला, चुडामण, पोलीस पाटील. म्हणाला, आबा, तू काही बोलू नको, मी सांगस तसं म्हन. फौजदारापुढं तोच बोलला — घरात घुसला, कुऱ्हाड घातली, पुन्हा उगारली, जिवाच्या भीतीनं बार काढला. मी अंगठा दिला. खोटं काय होतं त्यात? वण तर होताच. कचेरीत गोऱ्या साहेबानं माझा खांदा बघितला, शाबास म्हणाला. आपल्या घरात, आपल्या बायकोसाठी — कायदा आहे तसा. असायलाच पाहिजे. आता तर म्हणतात साहेबच चाललाय मुलूख सोडून, पण कायदा राहील तो. लोक म्हणाले, आबा वाघ निघाला. मी बैलांना पाणी दाखवायचं राहिलं होतं ते दाखवलं. 

काय? — हो, उगारली होती ना. सांगितलं की. आधी उगारली होती. 

मग खाली केली.

भाऊ, तुम्ही असं बघू नका माझ्याकडं. हे मी... बरं. बरं, आता अर्ध्यावर ठेवून काय करू. तो फिरला, बंदूक बघितली, कुऱ्हाड खाली केली त्यानं, त्या खांबाला टेकवली, नीट, पडू नये म्हणून टेकवतो तशी. गोठ ठेवले पेटीवर. मांडलेली होती घागर, वडलांचीच, हीच जागा. तिच्यावर हात ठेवला अन् म्हणाला, आबा, पानी पाज. आता आखाजीला घागरीवर हात ठेवून पाणी मागणारा कोण असतो ते तुम्हाला काय सांगू. चोर असो, वैरी असो. त्याला नाही म्हणत नाहीत. माझ्या बापानं म्हटलं नसतं. मला हे सगळं तिथं उभ्या उभ्या कळलं, पुरतं कळलं. ओढलेला घोडा उतरवता येतो, भाऊ — अंगठ्यानं धरायचा, चाप दाबायचा अन् हळूच खाली सोडायचा, बार होत नाही. डुक्कर आलं नाही की रोज पहाटे मी तसाच उतरवायचो. शेकडो वेळा. त्या दिवशी चाप दाबला. अंगठा घोड्यावर नव्हता. का नव्हता ते मलाही सांगता येत नाही. राग नव्हता. भीतीही संपली होती तोवर. बोट जवळ होतं, दाबलं.

कोणाला ठाऊक नाही हे. सुगंधाबाईला नाही, पाटलाला नाही. मला वाटायचं, भिकुबाईलाही नाही, ती तापात होती. आम्ही दोघं त्याच्यावर कधी बोललो नाही. पुढच्या आखाजीला मी सकाळी शेतातनं आलो तर इथं दोन घागरी. वर दोन खरबुजं, दोन्ही घागरींच्या गळ्यात सुतं. ती म्हणाली, याच्यासाठी कोणाला तरी बोलवा. तेवढंच. तेव्हा मला कळलं, तिनं ऐकलं होतं. पानी पाज म्हणाला ते, अन् त्याच्यानंतरचा बार. दोन्हींच्या मधला वेळ. चार वर्षं मांडली तिनं घागर. मरताना म्हणाली, मोडू नका.

म्हणून मांडतो. मला आता ऐंशीच्या घरात आणलंय देवानं, पुढच्या आखाजीला माझीच घागर असेल इथं, मग याची कोण मांडणार? एकदा कोणीतरी त्याच्या नावानं पोटभर जेवावं, एवढंच होतं मनात. तेवढ्यासाठी हे सगळं सांगायचं नव्हतं तुम्हाला. बोलत गेलो. एकटा माणूस, सवय राहिली नाही, कुठं थांबायचं कळत नाही.

उठलात? उठा. नाही, नाही, माझा राग नाही. झिपरूचाही नव्हता. तुमची बायको-लेकरं वाट बघत असतील, कोणाचं मरण पोटात घेऊन घरी का जावं. गाठोडं घ्या. खांबाला काठी आहे तुमची, ती विसराल. सावली आलीच उंबऱ्याला.

काय?

काय म्हणालात — पुन्हा म्हणा.

हो. हो, पाणी आहे. गार आहे. थांबा, तांब्या कुठं गेला. वाका जरा, ओंजळ धरा. सांडलं तर सांडू द्या. प्या. एक. आणखी धरा. दोन. बोलू नका मधी, प्या. तीन.

ताट राहू द्या, नका हात लावू. पाणीच मागितलं होतं त्यानं. जेवण माझ्या मनाचं.

जा आता, भाऊ. मागं बघू नका. दार उघडंच राहू द्या.