गॅरेजच्या फळीवरची बाटली

बूट ठेवायला जागा पाहिजे म्हणून माझ्या नवऱ्याची बाटली उचललीत? अरे, ते बूट डोक्यावर ठेवायचे होते!

बसा प्रदीपभाऊ, मंडळाचे अध्यक्ष असलात तरी माईक नाही सोडणार मी. ह्यांच्या शोकसभेला कॅरी गावातली सगळी मराठी मंडळी आलात, काही जण तर शार्लटहून ड्राइव्ह करून आलात. बरं केलंत. मला बोलायला जड जातंय. पण तुमचं ऐकणं त्याहून जड गेलं. जो उठतो तो म्हणतो, सुधाकरराव थोर संशोधक. परवापर्यंत ते जंतूकाका होते ना?

मी सातवीपर्यंत शिकलेली. पण आंधळी नाही. मंडळाच्या पॉटलकला, आपल्या अमेरिकेतल्या अंगतपंगतीला, मी पुरणपोळ्या आणायचे, तर ह्या वर्षावहिनी हळूच विचारायच्या, "भाऊजींचा हात नाही ना लागला?" आता पुढच्या रांगेत बसून डोळे पुसतायत. पुसा.

हे काय करायचे, कधी विचारलंत? ऐका आता. पॉसम माहितीये ना? पोटाला पिशवी असलेलं, रात्री तुमच्या कचऱ्यात शिरतं ते. गाडीखाली मेलेलं पॉसम हे उचलून आणायचे, गॅरेजात चिरायचे, आतड्यातले जंत काढायचे. मी ओरडायचे, "घर आहे का खाटकाचं दुकान?" तर म्हणायचे, "अगं, तोंड बघ ह्याचं. असे दात आजवर कुणी पाहिले नाहीत." जंताचे दात! मी म्हटलं, मग वाढा त्याला जेवायला.

पण तो खरंच नवा निघाला. ह्यांच्याबरोबर काम करणारी कॅथी, तिनं तपासून सांगितलं, जगात कुणालाच माहीत नसलेला जंत. मी विचारलं, "मग तुमचं नाव देणार त्याला?" हसले. म्हणाले, "आपलं नाव आपण द्यायचं नसतं. तसा रिवाज आहे. दुसऱ्यानं दिलं तर मान."

आता कॅथी देणार आहे. ह्यांचंच नाव. पण नुसत्या फोटोवर भागत नाही, तो जंत म्युझियममध्ये ठेवावा लागतो. धड असा एकच उरला होता. स्पिरिटच्या बाटलीत, निळ्या झाकणाच्या, गॅरेजच्या फळीवर.

हे गेले आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही बायका आलात. "तुम्ही बसा वहिनी, आम्ही आवरतो." लोक भेटायला गॅरेजमधून येणार, तिथंच बूट काढणार, म्हणून फळी रिकामी केलीत. मी आत ह्यांच्या फोटोसमोर. संध्याकाळी बघते तर फळीवर ओळीनं बूट! विचारलं, तर वर्षावहिनींची रिया म्हणते, "काकू, इट वॉज सो ग्रॉस!" किळस आली म्हणे. कुणी नेली म्हटलं, तर सगळ्या छताकडे बघायला लागल्या.

कचऱ्याचा डबा मी स्वतः उपसलाय. त्यात नाही. म्हणजे कुणाच्या तरी गाडीतून गेली.

प्रदीपभाऊ म्हणतात, मंडळाच्या हॉलमध्ये ह्यांचा मोठा फोटो लावू. नको तुमचा फोटो! जिवंतपणी शेजारी बसवून घेतलं नाहीत, आता भिंतीवर कशाला?

शनिवारी तेरावा आहे. गोडाचं जेवायला याल सगळे. त्याच्या आत बाटली माझ्या दारात पाहिजे. फेकली असेल तर कुठं फेकली, ते तोंडानं सांगा, मी जाऊन शोधेन. नाहीतर जेवायला येऊ नका. पान वाढणार नाही.

आता उभे राहा. ह्यांच्यासाठी मिनिटभर गप्प राहायचं ते राहा. आणि गप्प आहात तोवर आठवा, बाटली कुणाच्या गाडीत गेली? शनिवारच्या आत मला उत्तर पाहिजे.