निळा डाग

खनिजं जमवायचा नाद तुम्हाला नाही ना? सुखी आहात. माझ्याकडे वाघोलीच्या खाणीतला एक काळा दगड आहे, त्यावर सुपारीएवढा निळ्या स्फटिकांचा गुच्छ. प्रदर्शनाच्या पत्रिकेसाठी त्याचा एकच फोटो हवा होता. मी बारा काढले आणि बुधवार पेठेतल्या स्टुडिओवाल्या काकांकडे नेले. लग्नाच्या मुलींचे फोटो निवडून ते खुलवण्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता.

“यातला उत्तम तो निवडा आणि मोठा करून द्या,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फोटो हातात आला. दगड झकास, पण गुच्छ गायब!

“अहो काका, ते निळं कुठे गेलं?”

“डाग होता. काढला.”

“अहो, तेच तर खनिज! बाकी नुसता दगड आहे!”

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग बाराच्या बारा फोटोंत दगडालाच मधोमध का बसवलंत?”