चौकोनी तार, गोल फुगा

सन्माननीय अध्यक्ष, मुख्याध्यापक धर्मराज सर, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या कुबरा मुकादम मॅडम, शिक्षकवृंद, पालक आणि बालमित्रहो,

मी मनिषा म्हात्रे, चौथीतल्या भाविकाची आई. आपट्याला राहते. मॅडमच्या सेवेचा आढावा सरांनी घेतलाच आहे, त्यात मी काय भर घालणार? आमच्या घरात जे घडलं, तेवढंच सांगते.

गेल्या वर्षी भाविकाला न्यूमोनिया झाला. फुप्फुसाभोवती पाणी साठलं, नळी घालून काढावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी श्वासाच्या व्यायामाचं यंत्र दिलं आणि बजावलं, "फुप्फुस पूर्ण उघडलं नाही, तर पुन्हा दाखल करावं लागेल." पण यंत्र दिसलं की पोर तोंड फिरवायची. छातीत दुखायचं ना! आम्ही चुचकारलं, रागावलो, यांनी सायकलचं आमिष दाखवलं. छे! बोलणंसुद्धा कुजबुजण्यावर आलं होतं.

एका रविवारी मॅडम तिला बघायला आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि आधी मला डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. साबणाचे फुगे चालतील का? डॉक्टर म्हणाले, "चालतील काय, पळतील! फक्त साबण तोंडात जाऊ देऊ नका."

मग भांडी घासायचा लिक्विड साबण, पाणी, चमचाभर साखर. "हळू ढवळ हं, फेस आला की फुगा टिकत नाही," मॅडम भाविकाला म्हणाल्या. चुकून ओढलं तरी साबण वर चढू नये, म्हणून स्ट्रॉला टाचणीने भोक पाडलं. आमच्या सासूबाई, ठमाबाई, दारातूनच म्हणाल्या, "बाई, पोर आजारी हाय. तिला पान्यात कशाला खेलवतेस?"

"आई, मला तिला एकच सवाल विचारायचाय," असं म्हणत मॅडमनी तार वाकवून चौकोन केला आणि साबणाच्या पाण्यात बुडवून वर धरला; त्यावर पातळ पडदा चढला. "यातून फुगा कसा निघेल?"

"चौकोनी," भाविका कुजबुजली.

"बघ फुंकून."

तिने जोरात फुंकलं, पडदा फुटला. "जोरात नको. हळू आणि लांब." पुन्हा फुटला. खोकला आला. मी पुढे झाले, तर मॅडमनी मला हातानेच थांबवलं. मग पोरीने सावकाश श्वास भरून घेतला, फुंकर घातली, आणि चौकोनी तारेतून गोल फुगा सुटला!

"गोल का?" आजारपणानंतर तिने पहिल्यांदाच आपणहून काही विचारलं होतं.

"साबणाचं कातडं स्वतःला आवळून घेतं. तेवढीच हवा धरायला सगळ्यात कमी कातडं गोलाला लागतं."

नंतर ओल्या ताटात स्ट्रॉने घुमट फुगवला. सासूबाईंनी बोट लावलं, फुटला. "ओलं करून लावा," मॅडम म्हणाल्या. ओलं बोट घुमटातून आरपार गेलं, फुगा तसाच! मग काय, म्हातारी ताटाजवळून हलेना.

जाताना मॅडमनी गृहपाठ दिला: एका फुंकरीत घुमट किती मोठा होतो, ते रोज बघायचं. सुरुवातीला दुखायचं. भाविका छातीवर हात धरून थांबायची आणि आपली आपणच पुन्हा फुंकायची. व्यायाम हा शब्द आम्ही घरात उच्चारलाच नाही.

पनवेलला तपासणीच्या दिवशी डॉक्टर एक्स-रे बराच वेळ न्याहाळत होते. शेवटी म्हणाले, "उघडलंय पूर्ण. यंत्र नीट वापरलंस वाटतं?"

"यंत्र नाही, घुमट!" भाविका इतक्या खणखणीत आवाजात म्हणाली की बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या वडिलांना ते ऐकू गेलं. आत काय ठरलं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. भर दवाखान्यात रडले ते.

मॅडम, औषधं डॉक्टरांची होती, ते उपकार आहेतच. पण दुखत असतानाही पुन्हा एकदा करून बघावं, असं माझ्या मुलीला तुमच्यामुळे वाटलं. निवृत्तीनंतर तुम्ही खारघरला राहणार असं कळलं. तिथल्या मुलांचं नशीब थोर!

माईकसमोर उभं राहायची मला सवय नाही. मानपानात कुणाचं नाव राहिलं असेल, बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे.