सामानापाशी कुणीतरी

आज मी इथं उभा राहून एकावर आरोप करणार आहे. त्याचं नाव मला माहीत नाही. माहीत असतं तर या माइकवरून घेतलं असतं, भ्यालो नसतो. तो घराचा कर्ता असेल, गावचा कारभारी असेल, देवस्थानाचा विश्वस्त असेल, कुणीही असेल. पण ज्यानं पहिल्यांदा हा कायदा केला, की घरदार कुठं बघायला-फिरायला निघालं की सामानापाशी कुणीतरी बसलंच पाहिजे, आणि ते कुणीतरी दरवेळी तेच असलं पाहिजे — त्याला मी चोर म्हणतो. पाकीटमार पाकीट मारतो. यानं माणसाच्या डोळ्यांसमोरचं जग चोरलं.

मृदंगवाले माझ्याकडं बघायला लागले. बुवा आज एकदम भांडणावरच आले म्हणून. घाबरू नका, देवाचं नाव घेणार आहे. पण मी कुठल्या पाठशाळेत बसलेलो नाही, त्यामुळं मला अवघड प्रश्न पडत नाहीत. सोपे पडतात. आणि सोप्या प्रश्नाला गावात उत्तर मिळत नाही. आजचा सोपा प्रश्न असा, की जो राखतो, त्यानं बघायचं कधी?

मंडळी, ऐका. तांदळवाडी नावाचं गाव. तिथं भागवत. सरकी-पेंडेचं दुकान, दुकान बरं चालतं, म्हणून भागवतशेठ. बायको उर्मिला. पोरं दोन, तेजल आणि रुद्र — मोबाइल चार्जिंगला लावला तरच मान वर करणारी. आणि घरात गयाआत्या. भागवतच्या बापाची बहीण. लग्न झालं, वर्षाच्या आत नवरा गेला, माहेरी आली ती आलीच. भागवतची आई दुकानात बसायची. भागवतला न्हाऊ-माखू घातलं, भरवलं, वाढवलं ते गयाआत्यानं.

अशा बाईला घरात काय म्हणतात? तोंडानं आत्या म्हणतात. मनात कुलूप म्हणतात. सगळ्यांना लग्नाला जायचंय, घर कोण बघणार? आत्या आहे ना. गाय व्यायला झालीय, जागणार कोण? आत्या आहे ना. हसताय काय? हे शब्द तुमच्याही घरात आहेत. आत्याच्या जागी दुसरं नाव आहे, एवढंच.

आता भागवत काही राक्षस नव्हता. दर सुट्टीत सहल काढायचा आणि आत्याला घेऊन जायचा. गावात त्याचं कौतुक, बघा, आत्याला सुद्धा नेतो. सहलीहून आली की बायका विचारायच्या, "काय काय पाह्यलं, गयाबाई?"

ती सांगायची, "म्हैसूरचं बाकडं दगडाचं आहे. गार लागतं. महाबळेश्वरचं लाकडी, पण एक फळी निसटलीय. गोव्यात बाकडंच नाही बाई, वाळूतच बसले कपडे घेऊन."

बायकांना वाटायचं, चेष्टा करतीय. चेष्टा नव्हती. तुम्ही-आम्ही गाव लक्षात ठेवतो ते देवळावरून, डोंगरावरून, मिसळीच्या कटावरून. ती गाव लक्षात ठेवायची बाकड्यावरून. तिनं तेवढंच पाहिलेलं.

तर त्या उन्हाळ्यात ठरलं मुंबई. पहिल्या दिवशी चौपाटी. सगळे पाण्यात, आत्या चपलांपाशी. भागवतनं तिच्यासाठी भेळ आणली. प्रेमानं आणली, खोटं कशाला बोलू? पण गाडीपासून तिच्यापर्यंत येईस्तोवर ती मऊ पडलेली.

"कशी आहे, आत्या?"

"चांगली आहे बाबा. चावायला लागत नाही."

दुसऱ्या दिवशी ते मोठं बाग-पार्क. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, भुताचं घर. नाव सांगत नाही, फुकट जाहिरात करायला मला इथं बोलावलेलं नाही. दारात प्रत्येकाच्या मनगटाला एक कागदी पट्टा बांधतात. तो दाखवा आणि कशातही बसा. आत्याच्याही मनगटाला बांधला. भागवतनं तिचंही तिकीट काढलं होतं, हे त्याच्या बाजूनं सांगून ठेवतो. दाराशेजारीच सामान ठेवायला कुलपाची कपाटं होती. उर्मिला म्हणाली, "अहो, एक कपाट घ्यायचं का?"

भागवत काय म्हणाला? बोला, तुम्हीच बोला. हां. "आत्या आहे ना."

आकाशपाळण्यासमोर एक बाकडं बघितलं. त्यावर आत्या, आत्याभोवती बॅगा. फोनसुद्धा बॅगेत, कारण पाण्यात जायचं होतं. भागवत म्हणाला, "आत्या, इथनं हलू नको हां. तुझ्याजवळ फोन नाही, लॉजचं नाव तुला माहीत नाही. मुंबई आहे ही, हरवलीस तर सापडायची नाहीस."

"मी कशाला हलते? जावा तुम्ही."

गेले. घसरले, ओरडले, नाकातोंडात पाणी गेलं, परत रांगेला लागले. पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा आठवलं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत आहे. ओलेचिंब परत आले.

बाकडं आहे. बॅगा आहेत. आत्या नाही.

भागवतच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल? 'आत्या'? नाही, मंडळी. पहिला शब्द निघाला, "बॅगा आहेत ना सगळ्या?"

होत्या. सगळ्या होत्या. नीट बघितलं तर बांधलेल्या होत्या. आपल्याकडच्या बायका प्रवासाला निघाल्या की पिशवीत नायलॉनची दोरी टाकतात, लॉजवर ओले कपडे वाळत घालायला. त्या दोरीनं सगळ्या बॅगा बाकड्याच्या पायाला आवळल्या होत्या, दावणीला वासरं बांधावीत तशा. कड्यांतून दोरी, चेनवरून दोरी, वर गाठ. आणि त्या दावणीत दोन बॅगा अशा, की ज्या यांच्या नव्हत्याच.

आता मात्र भागवत इकडंतिकडं धावायला लागला. ही परक्याच्या बॅगा इथं बांधून कुठं गेली? पलीकडच्या आइस्क्रीमवाल्याला विचारलं, त्याला पत्ता नाही. संडासात बघितलं, नाही. उन्हं तर अशी, की डोक्यावर तवा ठेवल्यासारखी. सकाळी गोळी घेतली होती का तिनं? कुणाला ठाऊक. तेजल रडायला लागली. रुद्र म्हणाला, "पप्पा, आत्याआजीला कुणी नेलं का?"

तिथला रखवालदार आला, हातात वायरलेस. भला माणूस. म्हणाला, "माइकवरून पुकारतो. नाव सांगा."

"गयाबाई."

"साडी कुठल्या रंगाची?"

भागवत म्हणाला, "निळी."

उर्मिला म्हणाली, "निळी कालची. आज हिरवी होती. का जांभळी?"

"चष्मा आहे?"

"आहे," भागवत म्हणाला. मग बायकोकडं वळून, "आहे का गं?"

"बरं, फोटो असेल."

"फोनमध्ये आहे. फोन बॅगेत."

"मग काढा बॅगेतून."

भागवत गाठीला भिडला. ओढतो तसतशी गाठ आणखी आवळते. ओल्या हातातून दोरी निसटते. कापायला चाकू नाही, चाकू दारातच काढून घेतलेला. रखवालदारानं वायरलेस तोंडाशी धरला आणि विचारलं, "बॅगा कशा आहेत तुमच्या, तेवढं सांगा. बाकडं कुठलं ते कळेल."

अन् मग बघा. लाल, चाकाची, एक चाक वाजतं. काळी, पाठीवरची. निळी, चेन बिघडलेली, पिन लावलीय. चौघंही एका सुरात घडाघडा बोलत होते.

रखवालदार म्हणाला, "साहेब, बॅगा नाही हरवल्या तुमच्या."

थांबतो जरा. टाळकरी, तुम्ही पण थांबा. मनातल्या मनात एक करा. आज सकाळी घरातून निघताना तुमच्या आईच्या अंगावर कुठलं लुगडं होतं? आठवा. मी काही कुणाला उभं करून विचारणार नाही. तुमचं तुम्हाला कळलं, पुरे झालं.

उर्मिलाला रडू फुटलं. म्हणाली, "त्यांना आणू या असं मीच म्हटलं होतं तुम्हाला. सामानाला बरं पडतं म्हणाले होते." तिला कुणी विचारलं नव्हतं. भीती वाटली की खरं आपोआप बाहेर येतं, त्याला पोलिस लागत नाहीत. मग डोळे पुसून पोरांना घेतलं आणि रखवालदारामागं शोधायला निघाली. भागवतही निघाला होता. चार पावलं गेला आणि मागं वळून बघितलं. आता सामानापाशी कोण?

बसला. भागवतशेठ बाकड्यावर बसले.

आता मजा बघा. ओल्या कपड्यात माणूस उन्हात बसलाय. तहान लागलीय, पाण्याची बाटली बॅगेत, बॅग दोरीत. लघवीला लागलीय, उठायची सोय नाही. समोरून लोक हसत, खिदळत, मक्याची कणसं खात चाललेत. वर आकाशपाळणा फिरतोय, किंकाळ्या ऐकू येताहेत, पण ऊन थेट डोळ्यांत, मान वर करून पाळण्याकडं बघवतच नाही. दिसतात फक्त माणसांचे पाय. एक कुटुंब आलं. त्यातला गडी म्हणाला, "भाऊ, बसलायच तर जरा आमच्या चपला पण बघा हां." आणि उत्तराची वाट न बघता ठेवून गेला. बसलेल्या माणसाला विचारायची पद्धत नसते, हे भागवतला त्या दिवशी कळलं.

आणखी एक कळलं. बॅग उघडली असती, फोन मिळाला असता, तरी त्यात फोटो सापडला नसता. म्हैसूरचा, गोव्याचा, कालचा चौपाटीचा, एकाही फोटोत ती नव्हती. कशी असेल? फोटो काढताना ती बॅगा धरून बाजूला उभी.

मंडळी, हा माणूस लहानपणी तापानं फणफणला होता तेव्हा जी बाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, ती आता या लाखो माणसांच्या शहरात कुठंतरी आहे, नाहीतर नाही. आणि हा चपला राखत बसलाय. हात जोडले त्यानं. देवाला म्हणाला, एवढ्या वेळी ती सापडू दे. परत असं करायचा नाही. देवाला असली वचनं रोज येतात. ते सोडा.

तेवढ्यात पायांच्या गर्दीतून दोन पाय थांबले. ओळखीची वहाण. भागवतनं वर बघितलं. गयाआत्या. अंबाडा सुटलेला, पदर खांद्यावरून घसरलेला, चष्मा — होता, मंडळी, चष्मा होता — तो नाकाच्या शेंड्यावर. साडी पिवळी. अन् हातात हात घालून दुसरी एक म्हातारी, तिच्यासारखीच विस्कटलेली.

"कुठं गेली होतीस?" भागवत ओरडला.

आत्या म्हणाली, "वर."

"वर म्हणजे?"

"पाळण्यात रे. ह्या मालनबाई. कोल्हापूरकडच्या. पलीकडच्या बाकड्यावर त्यांच्या लोकांचं सामान घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, काय काय बघितलं मुंबईत? मी सांगायला लागले तर बाकड्यापलीकडं जाईना. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, माझं पण तसंच हाय की."

मालनबाई म्हणाल्या, "मी म्हटलं, आधी तुम्ही जावा, मी बघते सामान. तर ह्या म्हणतात एकटीला भ्या वाटतंय. मला पण भ्या वाटतंय. मग सामानच बांधलं. कुणाच्या बापाला सुटतंय का ते बघू म्हटलं."

"अगं पण जीव गेला होता आमचा," भागवत म्हणाला. "आत्या, तुला आम्ही कुठं कुठं शोधायचं?"

आत्या म्हणाली, "शोधायचं कशाला? मला दिसत होता की तुम्ही. वरून सगळं दिसतं रे. लांब खाडी दिसती, डोंगर दिसतो, बाकडी तर मुंगीएवढी. पहिल्यांदा तुम्ही सगळे बॅगांभोवती पळताना दिसला, तेव्हा म्हटलं उतरावं आता. पण मग तू बाकड्यावर बसलेला दिसलास. मी निर्धास्त झाले. सामानापाशी कुणीतरी आहे ना, म्हणून अजून एक फेरी मारली."

हसा. आता पोटभर हसा. भागवतही हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा कसा झाला ते आत्यानं बघितलं आणि पदराच्या टोकानं त्याचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. उर्मिला आली, आत्याला बघितलं. आधी चिडली, मग गळ्यात पडली. जीव भांड्यात पडला की माणूस असंच करतं. आत्यानं वाकून दोरीचं एक टोक ओढलं. सुरगाठ होती ती, वासराला घालतात तसली. सरसर सुटली. दशम्या निघाल्या, चटणी निघाली. मालनबाई पण जेवायला बसल्या. भागवत पळत जाऊन भेळ घेऊन आला, आणि त्या बाकड्यावर आत्यानं सगळ्यांबरोबर, कुरकुरीत आहे तोवर, ती खाल्ली.

भागवतनं पाय-बिय धरले नाहीत. हात पुसले आणि विचारलं, "आत्या, अजून काय राहिलंय तुझं?"

"ती पाण्याची घसरगुंडी."

"उर्मिला, घेऊन जा हिला. मालनबाई, तुम्ही पण जावा."

"अरे पण सामान?" आत्या म्हणाली. सवय कुठं सुटते?

भागवत बाकड्यावर बसला, बॅगा जवळ ओढल्या आणि म्हणाला, "मी आहे ना."

एवढंच आख्यान. हे मला गयाआत्यानं स्वतः सांगितलं. तांदळवाडीच्या सप्त्यात ती पहिल्या रांगेत बसली होती. पुढं, मध्यभागी, पाय पसरून.

आता माझा आरोप आठवा. तो कायदा करणारा कोण, नाव माहीत नाही म्हणालो होतो. मंडळी, या मंडपामागं धूर निघतोय. तुमच्या महाप्रसादाची भाजी शिजतीय, भाकरी थापल्या जाताहेत. तिथं चुलीपाशी बायका बसल्यात. काल त्याच होत्या, परवा त्याच होत्या, मागच्या वर्षी मी आलो तेव्हाही त्याच. त्यांना माझं कीर्तन भोंग्यातून ऐकू येतं. मी दिसत नाही, पांडुरंगाची ही सजवलेली मूर्ती दिसत नाही, फक्त धूर दिसतो. आणि पुढच्या रांगेत सगळे फेटे.

मी शेवटचा गजर सुरू करत नाही. टाळ खाली ठेवा. जो राखतो, त्यानं बघायचं कधी? बोला की. पुढच्या रांगेतला कोण उठून चुलीपाशी जातोय? मी इथं उभा आहे, मला उत्तर पाहिजे.