बेचाळिसावी नोंद

ताई : अजून फिरतंय रे ते स्क्रीनवरचं चक्र. वीस मिनिटं झाली. तुमचा सर्व्हर झोपलाय का?

धाकटा : त्याला नावं ठेवू नकोस. तू काय मागितलंयस ते बघ आधी. हॉस्पिटलच्या पाच लाख नोंदी तिकडे ओढतेयस आणि मग तुझ्या गोदामाच्या यादीशी जुळवतेयस. दमणारच बिचारा.

ताई : मग काय करू? पेसमेकरचे नंबर माझ्याकडे, पेशंटची नावं तुझ्याकडे. आमच्या कंपनीच्या एका खेपेच्या बॅटऱ्या मधेच बंद पडतायत. ज्यांना बसवलेत त्यांना आजच्या आज बोलवायचंय, कळतंय ना?

धाकटा : कळतंय. खेपेत बेचाळीसच आहेत ना? मग ते बेचाळीस नंबर इकडे पाठव. इथेच शोध आणि सापडेल तेवढंच ने.

ताई : पाठवू कुठे, कपाळ माझं? तुमच्या सर्व्हरवर नंबर ठेवायला एक तात्पुरतं टेबल करायची परवानगी नाही मला. नुसतं वाचायचं. सख्ख्या बहिणीला असं दारात उभं करतात होय?

धाकटा : परवानगी साहेब देतात, मी नाही. टेबल राहू दे, नंबर शोधाच्या आज्ञेत, क्वेरीतच लिही. हात झिजणार नाहीत.

ताई : मोठा शहाणा झालास. थांब, लिहिते... अगं बाई! चुटकीसरशी आलं की!

धाकटा : मग! शिकवणी लावायची माझ्याकडे.

ताई : पुरे. नावं पाठवलीत, फोन सुरू करायला सांग. पण अरे, एकेचाळीसच आलीत.

धाकटा : एखादा नंबर चुकली असशील.

ताई : तीनदा तपासले. बेचाळीसच्या बेचाळीस बसवल्याची तुमचीच पोचपावती आहे. सहाशे अकराने संपणारा एक नंबर आहे, त्याच्यापुढे नावच नाही... तू बघतोस का?

धाकटा : बघतो.

ताई : कुणाच्या तरी छातीत आहे ती बॅटरी आणि मला नाव का दिसत नाही?

धाकटा : ताई, तुझ्या लॉगिन खात्याला सगळं दिसत नाही. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांच्या नोंदी बाहेरच्यांपासून झाकायच्या, असा नियम आहे इथे.

ताई : मग तुझ्या खात्यातून उघड ना.

धाकटा : उघडली. आई आहे.

ताई : कुणाची आई?

धाकटा : आपली. तू ट्रेनिंगला गेली होतीस ना, तेव्हा घेरी येऊन पडली, मग इथेच खांद्याखाली पेसमेकर बसवला. मला शपथ घातली. म्हणाली, ताईला सांगितलंस तर ती सगळं टाकून धावत येईल.

ताई : आले असते धावत! मला म्हणाली खांदा दुखावलाय. आठ महिने मी तेल पाठवतेय रे खांद्याला!

धाकटा : लावते ती. दुसऱ्या खांद्याला.

ताई : हसवू नकोस, रडू येतंय मला. आणि ऐक. गेल्या आठवड्यात पुन्हा घेरी आली होती तिला. धाकट्याला सांगू नकोस, तो घाबरतो, म्हणाली. मला वाटलं, उपाशी राहिली असेल.

धाकटा : पुन्हा घेरी? आणि हे तू आज सांगतेस?

ताई : तू आठ महिन्यांनी सांगतोयस! भांडू नंतर. तिला घे लाइनवर.

(तिघांचा फोन जुळतो.)

आई : काय रे, भरदुपारी फोन?

धाकटा : आई, आधी खाली बस. ताईपण आहे.

आई : दोघं एकदम? म्हणजे कळलं वाटतं.

ताई : कळलं. दाराची कडी काढ आणि पुन्हा खुर्चीत बस. जड काही उचलायचं नाही. मी गाडीची किल्ली घेतलीय, दहा मिनिटांत पोचते.

आई : इतकं काय झालंय? बरी आहे मी.

धाकटा : तुझ्या पेसमेकरची बॅटरी बदलावी लागेल, आई. डॉक्टर इथे थांबलेत. घेरी कधी कधी आली ते सगळं सांग.

आई : सगळं?

ताई : सगळं. दोघांनाही.

आई : हे बसवल्यापासून तीनदा आली. एक गेल्या आठवड्यात तुला सांगितली होती. बाकीच्या दोन कुणालाच नाही सांगितल्या... लवकर ये गं.