दोन मांडव, एक चॅनल

...आन् वर तो माईकवाला पोपट मलाच इचारतो, "मामा, हवा काय कुणाच्या बापाची हाय का?" आता तुम्हीच सांगा! मी नवरीचा मामा, अंतरपाटाशी भाचीच्या मागं उभा, गोरज मुहूर्त चाललाय टळून, आन् भटजी पहिलं मंगलाष्टक म्हणून जरा श्वास घेत्यात तवर आमच्या स्पीकरमधनं काय यावं? "अभिनंदन! आजपासून तुमची सुटका झाली! हितनं पुढं कुणाचं ऐकायचं न्हाई!" अहो, नवरदेव दचकला की! आमची स्वप्नाली रडकुंडीला, आन् व्याही माझ्याकडं असं बघत्यात जसं काय मीच बोललो...

मग कळलं. यवतला हायवेला दोन लॉन्स चिकटून, मधी नुसती भिंत. पलीकडं आनंदराव गुरुजींच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम. दोघांचे कॉर्डलेस माईक एकाच चॅनलवर! त्यांचं भाषण आमच्याकडं, आन् आमचं "सावधान" ऐकून तिकडं समदे मास्तर ताठ उभे!

म्हणलं, "पोपट, चॅनल बदल की लेका!" तर म्हणतो, "एकच चॅनल हाय, मामा." "मग तक्रार करतो!" तर नवरदेवाचा भाऊ विश्वजीत, तो पुण्यात वायरलेसच्या हापिसात, तो म्हणतो कसा, "मामा, हे माईक बिनलायसनचे. सरकारनं ती वाट समद्यांना मोकळी ठेवलीय. आपण कुणाला आडवं जायचं न्हाई, आन् कुणी आपल्याला आडवं आलं तर तक्रार चालत न्हाई. आपसात मिटवायचं." म्हंजी परत तेच! हवा काय कुणाच्या बापाची हाय का!

गेलो मग तसाच, फेटा सावरत, पलीकडं. गुरुजींचे पाय धरले, "गुरुजी, पोरीचा मुहूर्त जातोय हो!" माणूस भला. लगीच माईक बंद केला. म्हणाले, "दोघं एकदम बोलले की कुणाचंच कळत न्हाई. वर्गात तरी दुसरं काय शिकवलं मी? आधी कान द्यायचा, मोकळं असंल तरच तोंड उघडायचं. पहिलं तुम्ही उरका, मग मी."

झालं! मुहूर्तावर लगीन लागलं, स्वप्नाली हसली, माझा जीव भांड्यात पडला. मग आमचा माईक बंद, गुरुजींचा चालू. ठरल्याप्रमाणं! पण किती वेळ बोलायचं, हे कुठं ठरलं होतं? पाहुणे इचारत्यात, "उखाणे कवा?" मी म्हणतो, "पलीकडचं थांबलं की!" पंगती उठल्या, आहेर झाले, स्वप्नाली गळ्यात पडून रडली, गाडीत बसली...

आन् गाडी निघाली तवा, तुम्हाला सांगतो, गुरुजी भाषणात आत्ता कुठं दुसऱ्या शाळेवर बदलून आले होते.