दोरावरचं नाव

(ब्रह्मपुरीकडचं, तलावाच्या पाळीखालचं एक गाव. वैशाखातली सकाळ. देवाजी ओसरीवर बसला आहे. त्याच्या धाकट्या भावाची, इस्तारीची, बायको कुंता दाराच्या आत, डोक्यावर पदर घेऊन. उंबऱ्याशी, दोघांच्या मधोमध, आरोग्याचं काम करणारी दीपिका.)

देवाजी : तुमी कितीबी समजावून सांगा, दीपिकाबाई. उद्या जाळं लागन तवा मी इस्तारीचं नाव पुकारनार नाई. जाळ्याच्या दोरावर वीस मानसं असतात. एकानं सोडला का एकोनीस पडतात.

दीपिका : ते एकदा झालं, देवाजीभाऊ. दोन वर्षांपूर्वी. त्यानंतर तसं काहीही झालेलं नाही.

देवाजी : त्यानंतर त्याच्या हाती दोर देलाच नाई, म्हनून झालं नाई.

दीपिका : जाळं मात्र दिलंत. आत्ता येताना पाहिलं, पाळीवर आंब्याखाली बसून ते फाटलेल्या जागी गाठी मारत होते. किती राहिलं, असं मी विचारलं. म्हणाले, बोटभर राह्यलं ताई, उद्याले तयार.

देवाजी : गाठी मारता मारता कोनी बुडत नाई.

कुंता : ताई, भासऱ्यायले सांगा, चहा ठेवला उंबऱ्यावर.

दीपिका : त्यांनी ऐकलं असेल, कुंताबाई. चार हातांवर तर बसले आहेत.

कुंता : ऐकलं असन. तरी सांगा.

देवाजी : तुमाले नवल वाटत असन, बाई. पन धाकट्या भावाची बायको भासऱ्यासंगं बोलत नाई, आमच्यात असंच आहे. आमची माय, बुढी, होती तवा इकडचं तिकडं तीच सांगे. मागच्या पोळ्याले बुढी गेली.

कुंता : तवापासून भासरे भिंतीले सांगतात, ताई, अन् मी चुलीले. कधी मांजर मधात आली तर तिले सांगतात. ती मांजर बी आता हुशार झाली.

देवाजी : चहात साखर जास्त झाली, म्हना.

कुंता : मांजरीनं टाकली, म्हना.

दीपिका : मी इथल्याच, कुरखेड्याची आहे, भाऊ. मला याचं नवल नाही. फक्त आज मी निरोप्या व्हायला आलेले नाही. दर महिन्याला अंगणवाडीत आपण बैठक घेतो, ज्यांच्या घरी असा मनाचा आजार आहे त्या घरांची. गेल्या बैठकीला इस्तारीभाऊ पहिल्यांदा स्वतःहून बोलले. तुम्ही नव्हता, म्हणून सांगते. इतरांनी विचारलं, आता कसं वाटते? ते म्हणाले, आवाज आता येत नाईत. पन पाळीवरून हाक बी येत नाई.

देवाजी : असं म्हनला?

दीपिका : एवढंच म्हणाले, आणि बसले.

देवाजी : त्याले समजत नाई, हाक म्हंजे काय ते. तुमाले बी समजनार नाई. मी पाळीवर उभा राहून एकेक नाव घेतो. ज्याचं घेतलं तो 'हाओ' म्हनते अन् पान्यात उतरते. दुसरं काई इचारत नाई. पानी किती, गाळ किती, काई नाई. माझ्या बापानं पुकारलं, मंग मी. पुकारलं म्हंजे त्याचा जीव माझ्याकडं.

दीपिका : म्हणूनच तुमच्याकडे आले. दुपारी मच्छीमार संस्थेचे लोक बसणार आहेत. नावं तिथेच ठरतात, आणि तुमच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही.

देवाजी : पत्रूचा हात पाह्यला तुमी?

दीपिका : पाहिला आहे.

देवाजी : इस्तारीनं सोडला तसा दोर सरकला अन् पत्रूच्या तळव्याची साल निघाली. आजबी त्याची मूठ पुरी मिटत नाई. जाळं खालून उचललं, मासोळ्या निसटल्या, आठ दिवसाची मेहनत चिखलात गेली. अन् हा पाळीवर जाऊन पळसाच्या झाडासंगं बोलून राह्यला होता. लोकं म्हने, तलावातलं काई लागलं. मी म्हनलं, काई लागलं नाई, बीमारी आहे. हे मी म्हनलं, बाई. तुमच्या आधी.

दीपिका : हो. आणि त्या दिवसांत त्यांच्या गोळ्या चुकल्या होत्या, हे मी संस्थेत सांगितलं होतं.

देवाजी : साऱ्यायसमोर सांगतलं. घरून गोळ्या द्याच्या राहून गेल्या, म्हनल्या. मंग तुमीच सांगा, गोळ्या विसरनाऱ्या बाईच्या भरवशावर त्याले पान्यात उतरवू? उद्या परत विसरली तर?

कुंता : ताई.

दीपिका : बोला.

कुंता : तुमची वही आहे संगं?

दीपिका : आहे.

कुंता : त्या सालच्या वैशाखाचं काय लिवलं आहे, ते वाचा. मोठ्यानं वाचा.

दीपिका : थांबा. हे पाहा. 'इस्तारी. आठ गोळ्या शिल्लक. विचारल्यावर पत्नी म्हणाली, विसरले. पत्नीला औषधाचं महत्त्व पुन्हा समजावून सांगितलं.'

कुंता : त्याच्या आधी कितीक महिने गोळी चालू होती?

दीपिका : सतरा.

कुंता : त्या सतरा महिन्यात कितीक उरल्या?

दीपिका : एकही नाही.

कुंता : मंग भासऱ्यायले इचारा, सतरा महिने न विसरनारी बाई आठच दिवस काऊन विसरली? नेमके जाळ्याचेच आठ दिवस?

दीपिका : देवाजीभाऊ?

देवाजी : चहा थंडा झाला.

दीपिका : कुंताबाई, मला सांगा.

कुंता : जाळं लागाच्या आदल्या दिवशी बुढी चुलीपाशी आली. म्हने, देवाजीनं सांगतलं, जाळ्याचे आठ दिवस इस्तारीले गोळी देऊ नोको. गोळीनं झापड येते. पान्यात झापड आली तर मानूस वर येत नाई. भासऱ्यायचा शब्द. मी समोर जाऊन इचारू शकत नव्हती. नाई देली.

दीपिका : एकदम आठ दिवस?

कुंता : पाच दिवस बराबर होते. सहाव्या रात्री माझ्या रिनाचे बाबा झोपले नाई, आंगनात फिरून राह्यले होते. मी बुढीले म्हनलं, भासऱ्यायले सांगा, रिनाच्या बाबाचं लक्षन ठीक नाई. बुढी म्हने, दोनच दिवस राह्यले, धीर धर.

देवाजी : बुढीनं मले हे नाई सांगतलं.

कुंता : ताई, त्यायले म्हना, मले मालूम आहे. सांगतलं असतं तर त्यायनं उतरवलंच नसतं.

देवाजी : तिनं तरी काऊन सांगावं? आठ दिवसाचं जाळं मधात सोडता येत नाई. तिले वाटलं असन, होऊन जाईन.

दीपिका : पण मी विचारलं तेव्हा तुम्ही मला विसरले म्हणून का सांगितलंत? मी दोनदा विचारलं होतं.

कुंता : खरं सांगतलं असतं तर तुमी ते संस्थेत सांगतलं असतं. तुमी काई दाबून ठेवत नाई, ते चांगलंच आहे. पन पुकारनाऱ्याचीच चूक झाली असं लोकायनं ऐकलं, तर त्यायच्या हाकेवर पान्यात कोन उतरन? म्हनून म्हनलं, मीच विसरली. बाई विसरली तर गाव चार दिवस बोलते.

दीपिका : दोन वर्षं बोललं.

कुंता : हाओ. बोलून राह्यलं अजून. परवा हापशीवर पत्रूची बायको म्हने, कुंताबाई, भाजीत मीठ टाकलं का तेबी विसरली? मी म्हनलं, टाकलं, तुह्या बी टाकून देऊ काय.

दीपिका : ते बोलणं माझ्या वाक्यातून सुरू झालं.

देवाजी : वाक्य तुमचं. पन गोळी थांबवाची गोठ माझी.

दीपिका : तुम्ही असं का सांगितलंत, भाऊ? मी दोष देण्यासाठी विचारत नाही.

देवाजी : त्याच्या आदल्या साली बी जाळं होतं. तवा नवी नवी गोळी होती. मी सांगतलं नाई कोनाले. दोरावर उभ्या उभ्या झोपला तो. हातात दोर, डोळे बंद, अन् पानी नाकापरेंत. मी केसाले धरून वर काढलं. लोकायले वाटलं, मी त्याले रागानं ओढलं. म्हने, काऊन मारतो भावाले. मी म्हनलं, काम करत नाई, म्हनून. मंग दुसऱ्या साली जाळं आलं तसं माझ्या डोळ्यापुढं तेच. बुढीले म्हनलं, गोळी नोको. बीमार राह्यला तर चालन, जिता राहू दे.

कुंता : हे बुढीनं मले नाई सांगतलं.

देवाजी : बुढीले बी मालूम नव्हतं.

दीपिका : तेव्हा गोळी सकाळी होती. मी दर महिन्याला विचारत असे, रोज देता ना? किती वाजता देता? पण तुम्ही पाण्यात किती वाजता उतरता, हे मी एकदाही विचारलं नाही. माझ्या वहीत तसा रकाना नाही. विचारलं असतं तर डॉक्टरांशी बोलून ती गोळी तेव्हाच रात्रीवर नेता आली असती. पुढच्या वर्षी नेली, तीसुद्धा कुंताबाईंनी दवाखान्यात स्वतः जाऊन सांगितलं म्हणून.

देवाजी : ही गेली होती?

कुंता : म्हना, रिनाले कडेवर घेऊन गेली होती. ब्रह्मपुरीच्या जीपगाडीत उभ्यानं.

देवाजी : रात्री देल्यावर झापड नाई येत?

दीपिका : सुरुवातीला येत होती. आता ते सहाला उठून जाळ्यावर बसतात, ते तुम्ही रोज पाहता. मी महिन्यातून एकदा पाहते. तरी मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काम करू द्या, पण पहिल्या वर्षी खोल पाण्यात नको. काठाकडची जागा द्या, आणि ओळखीचा माणूस शेजारी ठेवा.

देवाजी : काठाकडं म्हंजे दोराच्या शेपटाले. तिथी म्हातारे उभे राहतात. नथ्थूबुढा राहते.

कुंता : नथ्थूबुढ्याचं नाव तर घेतात ना.

दीपिका : तुम्ही ऐकलंत.

देवाजी : ऐकलं. मी काई बहिरा नाई.

दीपिका : दुपारी मी संस्थेत येणार आहे. माझं वाक्य मी परत घेणार: कुंताबाई विसरल्या नव्हत्या, मी नीट विचारलं नव्हतं. तेवढं मला सांगावंच लागेल. त्यापुढे लोक विचारतील की मग गोळ्या थांबल्या कशा. त्याचं उत्तर मी देणार नाही. ते तुमचं आहे.

कुंता : ताई, भासऱ्यायले म्हना, त्यायनं स्वतःवर काई घ्याची गरज नाई. दोन वर्ष ऐकलं, अजून ऐकीन. मले माफी नाई पायजे. रिनाच्या बाबाचं नाव पायजे दोरावर.

देवाजी : असं होत नाई, बाई. नाव घेतो म्हनलं का पत्रू उठून इचारन, काऊन घेतो? काय बदललं? तवा काय सांगू? विसरनारी बाई सुधारली म्हनू?

दीपिका : मग?

देवाजी : मंग त्याले खरं सांगा लागन. संस्थेच्या आधी, त्याच्या घरी जाऊन. हात त्याचा फाटला, पयले त्याले मालूम पडाले पायजे. मंग बाकीच्यायले. लोकं म्हनतीन, पुकारनारा दुसरा पाहा.

दीपिका : म्हणतील असं वाटतं?

देवाजी : एखादा म्हनन. मी असतो तर म्हनलं असतं.

कुंता : ताई, त्यायले म्हना...

देवाजी : काई नोको म्हनू. काठी कुठी आहे माझी?

दीपिका : ही घ्या. मी येऊ पत्रूभाऊंकडे तुमच्यासोबत?

देवाजी : नाई. तुमी आल्या तर तो सभ्य बोलन. त्याले शिव्या देऊ द्या... रिनाची माय.

दीपिका : कुंताबाई, ते म्हणताहेत...

देवाजी : तुमी थांबा, दीपिकाबाई. तिले बोलून राह्यलो मी. रिनाची माय, गोळी कितीक वाजता देतेस त्याले?

कुंता : ...रात्री. जेवल्यावर.

देवाजी : देजो. आठही दिवस देजो.